राणू बिन सिदू

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून, आणि पाहिल्या पाहिल्या माझ्या पाठीवर लाल बाण चिकटवला.

मी खोली बघायला गेले होते. सीतापुऱ्यातल्या एका कंपनीत नोकरी लागली होती आणि सांगलीहून जयपूरला येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. प्रताप नगरच्या हाउसिंग बोर्डाच्या घरांमधून उन्हात वणवण करताना एका फाटकावर मराठी आडनाव दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. बेल दाबली. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, वरची खोली दाखवली, खाली आणून चहा टाकला. तेवढ्या वेळात माझ्या मागे एक उंच, वाळकुडे गृहस्थ येऊन उभे राहिले होते आणि ते माझ्याशी नाही, माझ्या कुर्त्याशी बोलत होते.

"ठप्पा सरकलाय," ते म्हणाले. "देठ एकीकडे, फूल एकीकडे. मतलब, हे पास कुणी केलं?"

आणि माझ्या खांद्याखाली त्यांनी बोटानं काहीतरी दाबून बसवलं. मी दचकून वळले. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आवं, ती माणूस हाय! कापड न्हवं!"

कुर्ता मी दोनच दिवसांपूर्वी सोडाल्याच्या बाजारातून घेतला होता आणि मला तो फार आवडला होता. त्या दिवसानंतर मला त्यात ते तुटकं फूल सोडून काही दिसेना. शेवटी झोपताना घालायला काढला. काकांच्या बाणाचा हा गुण होता. एकदा त्यांनी खोट दाखवली की ती वस्तू तुमच्यासाठी संपलीच.

खोली मी घेतली. दोन वर्षं राहिले. आज पुण्यात बसून हे लिहितेय, तरी दुकानात कपडा हातात घेतला की आधी उलटा करून बघते. सगळी त्यांचीच देणगी.

काकांनी तीस-पस्तीस वर्षं जयपूरजवळच्या बगरू गावात एका कापडछपाईच्या कारखान्यात तपासनिसाचं काम केलं होतं. लाकडी ठप्प्यांनी छापलेली थानंच्या थानं त्यांच्यासमोरून जायची आणि जिथं रंग फुटला असेल, जोड जुळला नसेल, तिथं ते छोटासा लाल बाण चिकटवायचे. कारखान्यातून निवृत्त झाले, पण बाणांतून काही झाले नाहीत. शर्टाच्या खिशात बाणांचा कागद कायम असायचा. घरात भिंतीला पोपडा आला की बाण. पोळी एका बाजूला करपली की ताटाच्या कडेला बाण. गल्लीच्या नाक्यावरच्या कोचिंग क्लासनं पाटीवर 'सफलता' शब्दातल्या 'ल'ला काना लावला होता. तिथं जाऊन, स्टूल मागून घेऊन, त्यावर चढून बाण. एका दुपारी ते खुर्चीत झोपले असताना काकूंनी त्यांच्याच खिशातला एक बाण काढून त्यांच्या कपाळावर लावला, बरोबर डोक्याकडे टोक करून. काका तसेच उठून भाजी आणायला गेले. परत आले ते खुशीत. म्हणाले, आज सगळे लोक मला बघून हसून बोलत होते.

बोलणं त्यांचं एक वेगळंच प्रकरण होतं. त्यांचे वडील साताऱ्याकडचे, फौजेत हवालदार. जयपूरला पोस्टिंग झालं आणि ते इथंच राहिले. काका जन्मले इथं, शिकले हिंदी शाळेत. मराठी त्यांनी फक्त आईच्या तोंडून ऐकलेली, त्यामुळे त्यात अर्धा शब्द माणदेशी आणि अर्धा हिंदी. "आरं, तू मजाक नको करू, मला लई गुस्सा येतो," असं म्हणायचे. काकू मात्र लग्न होऊन कराडच्या अलीकडच्या गावातून थेट इथं आलेल्या, आणि चाळीस वर्षांत त्यांच्या भाषेला जयपूरचा वाराही लागला नव्हता. भाजीवाल्याशीसुद्धा त्या ठणठणीत मराठीत भांडायच्या आणि जिंकायच्या.

आता राणूचं सांगते.

एका रविवारी सकाळी काका वर आले आणि गंभीरपणे म्हणाले, "आज जागा येणार आहे."

मला वाटलं, प्लॉट वगैरे घेतायत. म्हटलं, "कुठली जागा, काका?"

"कुठली मतलब? चौधरीजींची."

"मग ती इथं कशी येईल?"

"चालत येईल. पाय आहेत ना त्याला!"

बरीच हुज्जत घातल्यावर कळलं की जागा म्हणजे माणूस. राजस्थानात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारे पिढीजात लोक असतात, त्यांना जागा म्हणतात. शेजारच्या चौधरीजींचे जागाजी दर वर्षा-दोन वर्षांनी यायचे, जेवायचे, लाल कापडात गुंडाळलेली लांबच लांब बही उघडायचे आणि चौधरींच्या वीस पिढ्या घडाघडा वाचून दाखवायचे. मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं खाली लिहून घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. तर त्या दिवशी चौधरीजींनी शेजारधर्म म्हणून आम्हालाही बोलावलं.

वाचन खरंच ऐकण्यासारखं होतं. चौधरीजी मिशांवरून हात फिरवत बसले होते. वीस पिढ्या संपल्या आणि जागाजींनी चष्म्यावरून काकांकडे बघत, तिकडच्या रिवाजानं 'सा' लावून, अदबीनं विचारलं. "और आप, सा? आपको कितनी पीढ़ियाँ याद हैं?"

काकांनी छाती फुगवून वडिलांचं नाव सांगितलं. मग आजोबांचं, बाळू.

"बाळूजी के पिताजी?"

"किसान," काका म्हणाले.

"किसान तो काम हुआ. नाम?"

"…नाव असणार ना काहीतरी," काका माझ्याकडे बघून पुटपुटले. मी काय सांगणार, कपाळ?

चौधरीजी भला माणूस, पण त्यांना हसू आवरलं नाही. जागाजी मात्र हसले नाहीत. ते समजूत घालत म्हणाले की पुढच्या वेळी येईन तेव्हा पाच पिढ्या सांगा, तुमच्यासाठीही बहीत एक पान उघडतो. फक्त अट एकच. "ऊपर से नीचे तक एक भी कड़ी टूटी नहीं होनी चाहिए."

घरी येऊन काका जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून एकमेकांना चिकटवली आणि दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली. खालच्या बाजूला स्वतःचं नाव, त्यावर वडील, त्यावर बाळू, आणि बाळूच्या वरच्या पांढऱ्या जागेत तीन लाल बाण.

त्या दिवसापासून माझे रविवार गेले.

मला संगणक येतो आणि मराठी वाचता येतं, एवढाच माझा गुन्हा. काका सकाळी नऊला वर यायचे, दार वाजवायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. मग आम्ही साताऱ्याच्या कागदांच्या मागे लागायचो. अलीकडे महाराष्ट्रात ज्याला त्याला आपल्या पणजोबांची आठवण झाली आहे, त्यामुळे जुने मोडी कागद स्कॅन होऊन बऱ्याच ठिकाणी सहज बघायला मिळतात. तिकडच्या एका कचेरीत काकांनी फोनही केला. पलीकडच्या माणसानं पाठ केल्यासारखं विचारलं, "दाखला कशासाठी पाहिजे?"

"दाखला नको, भैया," काका म्हणाले. "फक्त आजोबांचे वडील पाहिजेत."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. काकांनी फोनला बाण लावला.

शेवटी गावाची काही पानं मिळाली. मोडी आम्हा दोघांनाही येत नव्हती. पुण्यातल्या एका जाणकार बाईंनी ती वाचून देवनागरीत उतरवून पाठवली. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'मौजे मजकूर'. काका खूश! ते म्हणाले, आपलं मूळ गाव भलतंच निघालं, मजकूर नावाचं. मी ऑफिसात असताना त्यांनी आठवडाभर नकाशावर मजकूर शोधलं. सापडेना. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की ते धरणाखाली गेलं असणार. 'माझं गाव बुडालं' म्हणून ते एक दिवस उदास होते, काकूंनी केलेला शिरासुद्धा त्यांनी खाल्ला नाही. रविवारी मला हे कळल्यावर मी त्यांना सांगितलं की अहो, मजकूर म्हणजे 'वर सांगितलेलं'. वर सांगितलेलं गाव, म्हणजे तुमचंच. तेव्हा कुठे गाव पाण्याबाहेर आलं आणि शिरा गरम झाला.

मी तेव्हा स्वतःला फार शहाणी समजले. पुढे जे झालं ते बघता मी गप्प बसायला हवं होतं.

कारण पुढच्या पानावर राणू होता. जुनी यादी होती, कोणती जमीन कुणाकडे, अशी. त्यात काकांच्या आडनावाखाली लिहिलं होतं, 'राणू बिन सिदू', आणि जमिनीचं नाव, आंबीचा माळ. दुसऱ्या, नंतरच्या कागदात 'तुका बिन राणू'. आणि जन्मनोंदीच्या एका पानावर चक्क 'बाळू बिन तुका'. बाळू! काकांनी ते नाव बोटानं चाचपून बघितलं. मी टाळी वाजवली. काका मात्र भिंतीला टेकून बसले.

"बेटा," ते म्हणाले, "हे लई दुःखाचं आहे."

"काय दुःखाचं?"

"राणू बिन सिदू. मतलब सिदू नाही. राणूला बाप सोडून गेला. मग तुका बिन राणू. राणूपण गेला. मग बाळू बिन तुका." त्यांनी चष्मा काढला. "एकालाही बाप मिळाला नाही. आमच्या खानदानात बाप आणि बेटा एकत्र राहिलेच नाहीत."

आणि मी, सांगलीत मराठी शाळेत शिकलेली मुलगी, मान डोलावली! मला वाटलं, बिनपाण्याचं, बिनसाखरेचं, तसंच हे. बिनबापाचं. नुसती मान डोलावून थांबले नाही तर सगळी यादी तपासली. सगळ्या गावात तेच! एकूण एक खातेदार कुणा ना कुणाच्या बिन. मी चक्क एक्सेलमध्ये तक्ता केला. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं की गावात मोठी साथ आली असणार आणि एका झटक्यात सगळे बाप गेले असणार. मुलं कशी जगली असतील, या विचारानं मला रात्रीचं जेवण गेलं नाही. काकूंनी विचारलं, मी सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग ह्यांची गावात कुणी लगीनं लावली म्हणं?" प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही त्याकडे दुर्लक्ष केलं.

काकांचा राणूवर जीव जडला. ते त्याच्याबद्दल असं बोलायचे जसा तो मागच्या गल्लीत राहतो. राणूनं एकट्यानं आंबीचा माळ नांगरला असणार. राणूचे बैल चांगले असणार. राणूला फसवणारे असणारच, एकटा बघून. 'खापरपणजोबा' हा शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता, ते 'खापर' एवढंच म्हणायचे. सकाळी दात घासताना 'आमचा खापर' सुरू व्हायचा तो झोपेपर्यंत.

आणि मग एका दिवशी भिंतीवरचा तक्ता पूर्ण झाला. सगळ्यात वर राणू बिन सिदू. खाली तुका बिन राणू. खाली बाळू बिन तुका. पुढे काकांचे वडील, बिन बाळू. पुढे काका, बिन त्यांचे वडील. मी म्हटलं, तुमचे वडील तर तुमच्याजवळच राहिले ना? काका म्हणाले, "फौजेत होते. जास्त करून बाहेरच." आणि त्याखाली, शेवटच्या ओळीत, त्यांनी ठसठशीत अक्षरात आपल्या मुलाचं नाव लिहिलं, पुढे 'बिन', आणि पुढे स्वतःचं नाव.

त्यांना मुलगा आहे हे मला तेव्हा कळलं.

मी काकूंकडे बघितलं. काकांनी पेनचं टोपण लावलं आणि समाधानानं म्हणाले, "खानदानी आहे हे. आपण काय करणार?"

त्या दुपारी काकूंनी मला सगळं सांगितलं, आणि हसू की रडू अशी माझी गत झाली. मुलगा पुण्याला नोकरीला. तिथंच मुलगी पसंत केली, नागपूरकडची. साखरपुडा इथं जयपुरात झाला. मुलीच्या आईनं मोठ्या हौसेनं, जयपूरची माणसं म्हणून, हातछपाईची भारी चादर आहेरात आणली. काकांनी ती पंचवीस लोकांसमोर उलगडली, जमिनीवर अंथरली आणि गुडघ्यांवर बसून तिच्यावर अकरा बाण लावले.

"अकरा?" मी म्हटलं.

"मी मोजलं की. विहीणबाईच्या तोंडाकडं बघवंना. पोरगं म्हनलं, माफी मागा. हे म्हनलं, मी खोटं काय बोललो? चादर खराबच हाय. झालं! पोरानं पुण्यात कोर्टात लगीन केलं. ह्यास्नी बोलावलं न्हाई, हे गेलं न्हाईत. पाच वर्सं झाली." काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच चिडल्या. "आन आता बघा, सगळं खापर त्या खापरपणज्यावर फोडत्यात!"

काकू मुलाशी रोज दुपारी फोनवर बोलायच्या. फोन वाजला की काका ताठ मानेनं उठून गच्चीकडे जायचे. पण ते गच्चीपर्यंत कधी पोचायचे नाहीत. मी घरून काम करायचे त्या दिवशी मला दिसायचं, ते तिसऱ्या पायरीवर बसून राहायचे, कान खाली. पलीकडून एखादं लहान मूल किंचाळलं की त्यांचा पाय हलायचा. काकू त्या नातवंडाला चिमणे म्हणायच्या, सोन्या म्हणायच्या, माझं बाळ म्हणायच्या. नाव काही घ्यायच्या नाहीत. मला आता वाटतं, मुद्दामच घ्यायच्या नाहीत.

दिवाळीत मी सांगलीला गेले. माझे वडील, अण्णा, निवृत्त तलाठी. जेवताना मी त्यांना मोठ्या गांभीर्यानं त्या गावाची कथा सांगितली, एकालाही बाप नसलेल्या गावाची. अण्णांचा घास हातातच राहिला. मग त्यांना जे हसू फुटलं ते थांबेना. ठसका लागला, आईनं पाठ चोळली, पाणी पाजलं.

"अगं येडे," ते म्हणाले, "बिन म्हंजे मुलगा! राणू बिन सिदू, म्हंजे सिदूचा मुलगा राणू. जुन्या कागदात असंच लिहितात. तलाठ्याच्या घरात वाढलीस आणि गावच्या गाव अनाथ करून आलीस?"

मी तोंडात मारल्यासारखी बसले. पहिली गोष्ट मनात आली ती एक्सेलच्या तक्त्याची, तो ताबडतोब उडवला. दुसरी गोष्ट मनात आली आणि हसू पळालं. काकांना हे सांगायचं कसं? चूक दाखवायला मला काही वाटलं नसतं, त्यांनी माझ्या कमी दाखवल्या होत्या का! पण त्या एका शब्दावर बिचारे टेकून बसले होते. बाप-लेक तुटणं हे घराण्यातच आहे, आपण काय करणार, असं म्हणून ते रात्री झोपत होते. तो आधार मी काढून घेणार होते.

जयपूरला परतल्यावर दोन दिवस मी त्यांना टाळलं. तिसऱ्या दिवशी रविवार आला. काका खाकरले. मी खाली गेले, काकू मटार सोलत होत्या, त्यांच्यासमोरच एका दमात सांगून टाकलं.

काका उठले आणि तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. मग वरून वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक शब्दावर थांबत. "सिदूचा मुलगा राणू. राणूचा मुलगा तुका. तुकाचा मुलगा बाळू." आवाज चांगला खणखणीत होता. "बाळूचा मुलगा…" वडिलांचं नाव. मग स्वतःचं. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली नाही. पण ओठ हलले. त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच पेनानं लिहिलेलं होतं ते.

खिशातून त्यांनी बाणांचा कागद काढला. मला वाटलं, आता आमच्यापैकी कुणाला तरी बसतोय बाण. त्यांनी एकही बाण न सोडवता तो परत खिशात ठेवला.

"मटार किडके आहेत," ते म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

"मटारात काय बी खोट न्हाई," काकू म्हणाल्या. पण काका ऐकायला तिथं नव्हते.

थंडीत जागाजी आले. या वेळी चौधरींचं वाचन आधी उरकलं आणि मग सगळा लवाजमा आमच्या व्हरांड्यात आला. जागाजी, चौधरीजी, त्यांचा तंबाखूचा डबा. काकूंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि सकाळपासून चार वेळा दाढीवरून हात फिरवून बघितला होता. मला तक्ता धरून उभं केलं होतं, शाळेत नकाशा धरतात तसं.

जागाजींनी बहीत कोरं पान उघडलं, वर गणपतीचं नाव लिहिलं आणि काकांकडे बघितलं.

काकांनी सांगितलं. सिदू. सिदूचा राणू, आंबीच्या माळाचा. राणूचा तुका, तुकाचा बाळू. चौधरीजी खरंच कौतुकानं ऐकत होते, मधेच "वाह सा, वाह!" म्हणाले. मग हवालदार वडील. मग स्वतः. मग काका एक घोट पाणी प्यायले आणि त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. स्वच्छ, न अडखळता. जागाजींनी लिहिलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

"आगे?" जागाजी म्हणाले.

"आगे क्या? बस."

"बेटे के आगे? बाल-बच्चा?"

काकांनी हळूच काकूंकडे बघितलं. काकू दारात पुरणपोळीचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"आहे ना एक…" काका म्हणाले. "सांग की गं."

"काय सांगू?"

"नाव."

"मला काय इचारताय?" काकू म्हणाल्या. "फोन हाय न्हवं खिशात?"

"लोक बसलेत, आता मजाक नको करू. सांग."

"न्हाई सांगायची." काकूंनी ताट कमरेशी टेकवलं. "दीडशे वर्सांमागच्या मेलेल्या मानसाची नावं हुडकून काढली. जितं नातवंड पुण्यात हाय, त्येचं नाव ठावं न्हाई? इचारा की तुमचं तुम्ही."

चौधरीजी तंबाखूच्या डब्याचं झाकण उघडून बघू लागले. जागाजींनी लेखणी बहीवर धरली होती ती धरूनच ठेवली. मला म्हणावंसं वाटलं की काका, राहू द्या, पान इथंच बंद करू. पण ती अट सगळ्यांना माहीत होती, काकांना सगळ्यात जास्त.

काकांनी फोन काढला. नंबर त्यांनी कुठून शोधला नाही, बोटांना पाठ होता. काकांना फोन कानाला लावून बोलता येत नाही, ते कायम स्पीकरवर टाकून समोर धरतात, ताटली धरल्यासारखा. त्यामुळे पलीकडची घंटा आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. पाच वेळा वाजली. सहाव्यांदा उचलला गेला.

"हॅलो," एक अगदी लहान आवाज म्हणाला. मुलगी होती. "कोण बोलतंय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं. मग घसा साफ करून स्वतःचं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

"कोऽण?"

"मी… तुझ्या बाबाचा बाबा."

पलीकडून ती ठामपणे, समजावून सांगावं तसं म्हणाली, "माझ्या बाबाला बाबा नाहीये."

काकूंनी ताट खाली ठेवलं. काकांचा फोन धरलेला हात आणखी जवळ आला, अगदी तोंडाशी. त्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या, कारखान्यात, घरात, गल्लीत. त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या दिवसाआधी कधी ऐकला नव्हता.

"आहे गं," ते म्हणाले. "आहे. तो चुकला होता."

"हरवला होता?"

"हां… हां बेटा. तसंच."

फोन पलीकडे धाडकन कुठेतरी आपटला. पावलं पळत लांब गेली, आणि घराच्या पार आतून तो चिमुकला आवाज आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला:

"बाबाऽ, लवकर ये! तुझा बाबा सापडला!"